रंगीत चित्रावर सही करण्यापूर्वी : फायनाइट एलिमेंट शिकताना

गेल्या खेपेस आपण अनुमान या प्रमाणाबद्दल बोललो. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं म्हणताना मधली व्याप्ती पक्की असावी लागते, एवढं आपण पाहिलं. आज त्याच धाग्यानं पण जरा वेगळ्या गावाला जायचं आहे. विषय इंजिनिअरिंगचा आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसानं त्यात का नाक खुपसावं, असं काही जणांनी फोन करून विचारलंच. त्याचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं ऐकायला बरं पडेल.

आम्ही निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीनं आम्हाला अध्यक्ष केलं. उन्हाळ्यात पाण्याची ओरड होती, म्हणून गच्चीवर पाच हजार लिटरची आणखी एक टाकी ठेवायचं ठरलं. एका सल्लागारानं अहवाल दिला. चाळीस पानं, आणि शेवटी बीमचं एक रंगीत चित्र. तांबडं म्हणजे धोका, निळं म्हणजे सुरक्षित, असं समजावून सांगितलं गेलं. चित्र जवळजवळ सगळं निळं होतं. संगणकावर ‘फायनाइट एलिमेंट’नं काढलंय म्हणाले. आम्ही सही केली.

टाकी भरली आणि तीन आठवड्यांनी वरच्या मजल्यावरच्या एका काकूंच्या खोलीत बीमखाली प्लास्टरला तडा दिसला. आमच्याच इमारतीत एक निवृत्त इंजिनिअर राहतात. ते वर गेले, तडा पाहिला आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “बीम टेकलाय कशावर?” मग पोस्टाच्या पाकिटामागं दहा ओळींचा हिशेब केला आणि म्हणाले, “प्रोफेसर, टाकी आज संध्याकाळीच रिकामी करा.” रिकामी केली. कुणाला काही झालं नाही. पण त्या काकू एकवीस रात्री त्या बीमखाली झोपल्या होत्या, आमच्या सहीच्या भरवशावर.

आयुष्यभर आम्ही प्रमाणशास्त्र शिकवलं. ज्ञान खरं आहे हे कशावरून ओळखायचं, हाच आमचा विषय. आणि आम्ही चित्राचा रंग पाहून सही केली! दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं, हे आम्हाला कुणी नव्यानं सांगायची गरज नव्हती. ती लाज वाटली म्हणून अडुसष्टाव्या वर्षी हे शास्त्र शिकायला बसलो. गुरू तेच, पाकिटामागं हिशेब करणारे. आजचं व्याख्यान म्हणजे त्या शिकवणीचं सार आहे. श्रोत्यांत इंजिनिअरिंगची मुलं बरीच आहेत हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी आमची चूक दाखवावी, राग येणार नाही.

तुकडे करून पाहणं

मूळ अडचण काय आहे? एखादी वस्तू, समजा पूल, क्रेनचा हुक, किंवा मोटारीची चासी, भाराखाली किती वाकेल आणि तिच्या पोटात कुठं किती ताण येईल, हे काढायचं आहे. वस्तू अखंड आहे. तिच्यात बिंदू अनंत, आणि प्रत्येक बिंदूला आपलं विस्थापन, आपला ताण. समीकरणं माहीत आहेत, एकोणिसाव्या शतकातच ती मांडली गेली. पण ती सुटतात फक्त साध्यासुध्या आकारांसाठी. क्रेनच्या हुकासाठी कागदावर सुटत नाहीत.

मग युक्ती अशी की अखंड वस्तूचे मोजके तुकडे करायचे. ‘फायनाइट’ म्हणजे मोजके, ज्यांची संख्या सांगता येते असे. प्रत्येक तुकडा म्हणजे एलिमेंट. तुकडे कोपऱ्यांवर एकमेकांना जोडलेले असतात, त्या सांध्यांना नोड म्हणतात. आणि या सगळ्या जाळ्याला मेश. प्रत्येक तुकड्याच्या आत वस्तू कशी ताणली जाईल याबद्दल आपण एक साधं गृहीतक करतो, बहुधा सरळ रेषेचं. मग अनंत बिंदूंचा प्रश्न उरत नाही. उरतात फक्त नोडांची विस्थापनं. ती शंभर असोत की दहा लाख, पण मोजकी असतात, आणि संगणकाला तेवढं पुरतं.

कल्पना जुनीच आहे. आर्किमिडीजनं वर्तुळात आणि वर्तुळाबाहेर ९६ बाजूंची बहुभुजाकृती काढून पायची किंमत ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्या मध्ये आहे असं दाखवलं. गोल सुटत नाही, सरळ रेषा सुटते, म्हणून गोलाला सरळ तुकड्यांनी वेढायचं. आधुनिक रूपात १९४३ साली कुरांट यांनी त्रिकोणी तुकड्यांवर गणित मांडून दाखवलं. पण कामाला लागली ती विमानांमुळे. बोइंगमध्ये मागं वळलेल्या आणि त्रिकोणी पंखांचा ताठपणा जुन्या पद्धतींनी नीट निघेना. त्यातून टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा १९५६ चा निबंध आला. ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये वापरलं आणि ते रूढ झालं.

इथं आमच्यासारख्याला आपलं घर आठवतंच. नैयायिक आणि बौद्ध यांचा शेकडो वर्षं चाललेला वाद आठवा. बौद्ध म्हणतात, अवयवांचा समूह तोच वस्त्र, तंतूंहून वेगळं वस्त्र असं काही नाही. नैयायिक म्हणतात, तसं नव्हे, अवयवी म्हणजे अखंड वस्तू ही अवयवांहून वेगळी आहे. फायनाइट एलिमेंटवाला हिशेबापुरता बौद्धांच्या बाजूनं जातो. पण पूल उभा राहतो तो नैयायिकांचा! जे बांधलं जातं ते अखंडच असतं, तुकडे फक्त आपल्या हिशेबात असतात. ही गोष्ट जो विसरला त्याचं काय होतं, ते पुढं पाहू.

दोन स्प्रिंगांचं गणित

संगणक आत काय करतो ते पाहण्यासाठी फार मोठं गणित लागत नाही. छताला एक स्प्रिंग टांगा. तिचा ताठपणा असा की एक सेंटिमीटर ताणायला १० किलो लागतात. तिच्या खालच्या टोकाला दुसरी स्प्रिंग, सेंटिमीटरला ५ किलोवाली. सगळ्यात खाली २० किलोचं वजन. दोन्ही स्प्रिंगांतून २० किलोच जाणार. पहिली २ सेंटिमीटर ताणेल, दुसरी ४. खालचं टोक ६ सेंटिमीटर खाली येईल. हे तोंडी झालं.

आता संगणकाची रीत. मधल्या नोडचं विस्थापन ‘क’, खालच्याचं ‘ख’. मधल्या नोडला दोन्ही स्प्रिंगा येऊन मिळतात, म्हणून तिथं ताठपणाची बेरीज होते, १० अधिक ५. समीकरण असं : १५ क वजा ५ ख बरोबर शून्य, कारण त्या नोडवर बाहेरचा भार नाही. खालच्या नोडचं : उणे ५ क अधिक ५ ख बरोबर २०. सोडवा. क येतो २, ख येतो ६. तेच उत्तर.

एवढंच आहे, बरं का. प्रत्येक तुकड्याचा ताठपणा काढायचा, ज्या नोडवर जे तुकडे भेटतात तिथं त्यांची बेरीज करायची, भार लिहायचे, टेकू लिहायचे, आणि समीकरणं सोडवायची. दहा लाख नोड असले तरी गाभा हाच.

आता या समीकरणांतून छत काढून टाका. म्हणजे वरचं टोक कशालाच बांधलेलं नाही. मग क आणि ख यांची एकच एक जोडी येतच नाही. सगळ्या स्प्रिंगा एकत्र हातभर खाली सरकल्या तरी कुठलीही स्प्रिंग ताणली जात नाही, त्यामुळे समीकरणाला त्याचा पत्ताच लागत नाही. संगणक चिडून म्हणतो, मॅट्रिक्स सिंग्युलर आहे. नवी मुलं या संदेशाला घाबरतात. आम्ही तर म्हणू, हा सगळ्यात प्रामाणिक संदेश. तुमची वस्तू हवेत तरंगते आहे, तिला टेकू द्या, असं तो सांगतो. खरा धोका आहे तो चुकीच्या टेकूचा. कारण टेकू चुकीचा असला तरी गणित सुटतं, आणि चित्र सुंदर येतं.

पाकिटामागचा हिशेब

आमच्या बीमकडे परत येऊ. गाळा चार मीटरचा. सोपेपणासाठी पाच हजार लिटरचं पाणी म्हणजे पाच टन, सगळं मध्यभागी आहे असं धरू. बीमची दोन्ही टोकं भिंतीवर नुसती टेकलेली असतील, तर मधला वाकवणारा जोर, ज्याला बेंडिंग मोमेंट म्हणतात, तो भार गुणिले लांबी भागिले चार. म्हणजे ५ गुणिले ४ भागिले ४, बरोबर ५ टन-मीटर. पण टोकं दोन्ही बाजूंनी घट्ट आवळलेली असतील, जराही फिरू शकत नसतील, तर भागायचं आठानं. उत्तर २.५. निम्मं! आणि बीम खाली किती झुकेल, त्यात तर चौपट फरक पडतो.

अहवालातल्या मॉडेलमध्ये टोकं घट्ट धरली होती. प्रत्यक्षात तो जुना बीम विटांच्या भिंतीवर नुसता टेकला होता. संगणकानं आपलं काम चोख केलं. त्याला जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर बरोबर दिलं. प्रश्नच दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीबद्दलचा होता.

म्हणून आमच्या गुरूंचा पहिला धडा हा : मॉडेल उघडण्याआधी जागेवर जा. वस्तू कुठं टेकते, कुठं घासते, कुठं मोकळी आहे ते डोळ्यांनी पाहा. खऱ्या जगात टेकू बहुधा पूर्ण घट्टही नसतो आणि पूर्ण मोकळाही नसतो. तेव्हा दोन्ही टोकाची गृहीतकं करून दोन उत्तरं काढा. दोन्ही उत्तरांत वस्तू सुरक्षित असेल तर निश्चिंत झोपा. एकात सुरक्षित आणि दुसऱ्यात नसेल, तर अजून सही करू नका.

दोराची गोष्ट

आता दुसरा धडा, आणि आमच्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा. इथं कागद-पेन्सिल घ्या.

विहिरीवर एक जाड दोर लोंबतो आहे. खाली घागर नाही, काही नाही. दोराचंच वजन २० किलो. दोरात खेच किती? सगळ्यात खाली शून्य, कारण खाली काही लोंबत नाही. सगळ्यात वर २०, कारण सगळा दोर त्याच्याखाली आहे. मध्ये १०. शाळेतला मुलगाही सांगेल.

फायनाइट एलिमेंटनं करू. पूर्ण दोर म्हणजे एकच तुकडा. दोन नोड, वरचा आणि खालचा. दोराचं वजन नोडांवर वाटायचं, १० वर आणि १० खाली. खालच्या नोडवरचे १० किलो तुकड्याला ओढतात. म्हणून तुकड्यात खेच १०, वरपासून खालपर्यंत सगळीकडे १०. साध्या तुकड्यात ताण बदलूच शकत नाही, आपणच तसं गृहीत धरलं आहे.

खरी जास्तीत जास्त खेच २०. संगणक म्हणतो १०. पन्नास टक्के कमी! दोर १५ किलोला तुटणारा असेल, तर संगणक म्हणेल निर्धास्त राहा, आणि दोर विहिरीत.

पण थांबा, गंमत पुढं आहे. दोर एकूण किती लांबला हे विचारा. उत्तर बिनचूक येतं, कारण सरासरी खेच १० हीच बरोबर आहे. वरच्या रहाटावर किती भार आला ते विचारा. तुकड्याचे १० आणि वरच्या नोडचे १०, मिळून २०. तेही बिनचूक! म्हणजे विस्थापन बरोबर, टेकूवरची प्रतिक्रिया बरोबर, आणि ज्यासाठी सगळा खटाटोप केला ती जास्तीत जास्त खेच मात्र निम्मी. प्रतिक्रियांची बेरीज जुळली म्हणजे मॉडेल बरोबर, असं समजणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. बेरीज जुळली नाही तर मॉडेल नक्की चूक. जुळली, तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

आता दोन सारखे तुकडे करा. नोडांवर वजन ५, १०, ५. खालच्या तुकड्यात खेच ५, वरच्यात १५. चार तुकडे केले तर वरच्यात १७.५. दहा केले तर १९. उत्तर हळूहळू २० कडे सरकतं. याला मेश कन्व्हर्जन्स म्हणतात. जाळी बारीक करत जा आणि उत्तर बदलायचं थांबतं का ते पाहा. एकाच जाळीवर काढलेलं उत्तर म्हणजे साक्षीदाराला एकदाच विचारलेला प्रश्न.

आणखी एक पाहा. दोनच तुकडे करा, पण असमान. वरचा दोराच्या एक दशांश, खालचा नऊ दशांश. नोडांवर वजन वरून १, १०, ९. खालच्या तुकड्यात ९, वरच्यात १९. म्हणजे दहा सारख्या तुकड्यांनी वरच्या टोकाला जे उत्तर दिलं, तेच दोन शहाण्या तुकड्यांनी दिलं! जिथं ताण झपाट्यानं बदलतो किंवा जिथं तो सगळ्यात मोठा असायची शक्यता आहे, तिथं जाळी बारीक हवी. बाकी ठिकाणी मोठे तुकडे चालतात. ती जागा कुठली हे संगणक आधी सांगत नाही. ते वस्तूचं वागणं ज्याला कळतं तोच सांगतो. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भात सगळीकडे सारखा शिजतो. ताण सगळीकडे सारखा नसतो, म्हणून इथं शीत कुठलं उचलायचं हेच शिकावं लागतं.

नॉर्वेतली एक सकाळ

हा केवळ वर्गातला खेळ नाही. २३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेमध्ये स्टाव्हांगरजवळच्या गांड्सफ्योर्ड नावाच्या खाडीत स्लाइप्नर ए या तेल-वायू फलाटाचा काँक्रीटचा पाया पाण्यात हळूहळू बुडवला जात होता. उत्तर समुद्रात सुमारे ८२ मीटर पाण्यात तो उभा राहायचा होता. चोवीस मोठे पोकळ कोठे एकमेकांना चिकटलेले, त्यांतले चार वर वाढवून खांब केलेले. वरचा डेक बसवण्याच्या तयारीसाठी पाया मुद्दाम खोल नेला जात होता. एका कोठ्याची भिंत फुटली. पाणी इतक्या वेगानं शिरलं की पंपांचं काही चालेना. वरची माणसं सुखरूप उतरली, पण तो प्रचंड पाया तळाशी जाऊन असा आदळला की भूकंपमापकावर ३ रिश्टरची नोंद झाली. नुकसान सुमारे ७० कोटी डॉलर.

चौकशीत काय निघालं? जिथं तीन कोठे एकमेकांना भेटतात, तिथं मध्ये एक लहान त्रिकोणी पोकळी उरते. तिच्यात समुद्राचं पाणी, आणि शेजारचे कोठे कोरडे. म्हणजे त्या पोकळीच्या भिंतींवर मोठा दाब. नेमकं तिथं फायनाइट एलिमेंटचं जाळं भरड आणि वेडंवाकडं होतं. भिंतीतलं कातरबल, म्हणजे शिअर, खऱ्यापेक्षा ४७ टक्के कमी निघालं. १०० असेल तिथं ५३. भर म्हणून त्या सांध्यातल्या सळ्याही पुरेशा खोल रुतवलेल्या नव्हत्या. नंतर बारीक जाळी घेऊन नीट गणित केलं तेव्हा उत्तर आलं की हा पाया ६२ मीटर खोलीला फुटेल. प्रत्यक्षात तो ६५ मीटरला फुटला होता.

हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ६२ आणि ६५. पद्धत चुकीची नव्हती. नीट वापरली तर तिनं तीन मीटरच्या फरकानं सत्य सांगितलं असतं, आधीच. आमच्या दोराच्या गोष्टीत एका तुकड्यानं जे केलं, तेच इथं भरड जाळीनं केलं. आणि एक सांगण्यासारखी गोष्ट. नवा पाया बांधायचा ठरल्यावर इंजिनिअरांनी संगणकाची नवी गणितं हाती येण्याची वाट पाहिली नाही, जुन्या पद्धतीनं हातानं हिशेब करून डिझाइन पुढं नेलं. १९९३ मध्ये नवा फलाट समुद्रात उभा राहिला.

जाळी बारीक करूनही उत्तर थांबलं नाही तर?

हुशार विद्यार्थी इथं विचारतो, सर, मग सगळीकडे जाळी बारीकच करू की, संगणक काय कमी आहेत? करा. आणि मग तुम्हाला एक विचित्र अनुभव येईल. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा ब्रॅकेट घ्या, आतला कोपरा अगदी काटकोनात, टोकदार. भार द्या. जाळी बारीक करा. कोपऱ्यातला ताण वाढतो. आणखी बारीक करा, आणखी वाढतो. थांबतच नाही. दोर २० कडे जाऊन थांबला. हा कुठंच जात नाही.

चूक कुणाची? जाळीची नाही. गणितातच त्या टोकदार कोपऱ्यावर ताण अनंत आहे. पण खऱ्या ब्रॅकेटला असा टोकदार कोपरा नसतोच. हत्यारानं कापला असो की साच्यात ओतला असो, थोडी गोलाई असतेच, आणि धातूही थोडा वितळल्यासारखा सरकून ताण वाटून घेतो. म्हणजे आपण कल्पनेतल्या वस्तूला खरी मानून प्रश्न विचारला आणि कल्पनेनं अनंत उत्तर दिलं. उपाय दोन. खरी गोलाई मॉडेलमध्ये काढा. नाहीतर त्या कोपऱ्यावरचा आकडा वाचूच नका, जरा दूरचा वाचा. कुठला आकडा वाचायचा नाही, हे कळणं हाही ज्ञानाचाच भाग आहे.

स्वतः की परतः?

आता आमच्या अंगणात येतो आणि मग संपवतो. ज्ञान झालं, ते खरं आहे हे कसं कळतं? मीमांसक म्हणतात, स्वतः प्रामाण्य. ज्ञान होतं तेव्हाच त्याचं खरेपण त्याच्यासोबत येतं, खोटेपण मात्र मागाहून कळतं. नैयायिक म्हणतात, परतः प्रामाण्य. पाणी दिसलं, हे झालं ज्ञान. जवळ गेलो, प्यालो, तहान भागली, तेव्हा कळलं की ते ज्ञान खरं होतं. खरेपण बाहेरून तपासून घ्यावं लागतं.

रोजच्या जगण्यात आपण सगळे मीमांसकच असतो. प्रत्येक घोट तपासत बसलो तर जगणं व्हायचं नाही. पण संगणकानं काढलेल्या चित्राबाबत माणसानं कट्टर नैयायिक असावं. चित्र स्वतःचं प्रमाणपत्र स्वतः देऊ शकत नाही. इंजिनिअर मंडळी हीच गोष्ट दोन शब्दांत सांगतात, व्हेरिफिकेशन आणि व्हॅलिडेशन. पहिल्याचा प्रश्न, समीकरणं बरोबर सोडवली का? दुसऱ्याचा प्रश्न, मुळात बरोबर समीकरणं घेतली का? स्लाइप्नरला पहिल्या प्रश्नात घात झाला, आमच्या बीमला दुसऱ्या. दोन वेगळे आजार, औषधंही वेगळी. जाळी कितीही बारीक केली असती तरी आमच्या बीमचा टेकू बरोबर झाला नसता.

कसं शिकावं

मुलं विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर शिकू? आम्ही म्हणतो, आधी पेन्सिल शिका. क्रम असा ठेवा.

पहिलं, पदार्थबलशास्त्र. बीम, स्तंभ, पीळ. जी उत्तरं हातानं काढता येतात ती आधी हाताला येऊ द्या. दुसरं, स्प्रिंगा आणि दोर कागदावर सोडवा. तीन-चार तुकड्यांची समीकरणं स्वतः जुळवल्याशिवाय संगणकाला हात लावू नका. तिसरं, एक छोटा प्रोग्राम स्वतः लिहा, ट्रससाठी. शे-दोनशे ओळींत होतो. चौथं, मग सॉफ्टवेअर. पैसे नसतील तर कॅल्क्युलिक्स, कोड-अस्टर यांसारखी फुकट मिळणारीही आहेत. त्यात आधी तेच प्रश्न घाला ज्यांचं उत्तर जगाला माहीत आहे. गोल भोक असलेली रुंद पट्टी दोन्हीकडून ओढली, तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. कर्श यांनी हे १८९८ मध्ये काढलं. तुमचं मॉडेल तीनच्या जवळ जाईपर्यंत जाळी बारीक करा, आणि किती बारीक करावी लागली ते वहीत लिहा.

पाचवं, एककं. सॉफ्टवेअरला मिलिमीटर कळत नाही की मीटर, त्याला फक्त आकडे कळतात. मिलिमीटर आणि न्यूटन घेतले तर स्टीलचा ताठपणा सुमारे २,१०,००० लिहायचा आणि घनता ७.८५ भागिले शंभर कोटी, कारण तिथं वस्तुमानाचं एकक टन होतं. आम्ही पहिल्यांदा घनता ७८५० अशीच लिहिली होती, आणि आमचा एक वीतभर बीम स्वतःच्याच वजनानं पाताळात गेला! हसू आलं, पण बरं झालं. चूक एवढी मोठी असली की दिसते. दुप्पट-निमपटीची चूक दिसत नाही, आणि माणसं मारते ती तीच.

सहावं आणि शेवटचं. बटण दाबण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहा. किती वाकेल, ताण कुठं जास्त असेल, साधारण किती. मग चित्र उघडा. अंदाज आणि चित्र जुळलं तर बरं. नाही जुळलं तर दोघांपैकी एक चूक आहे, आणि ते शोधताना जे शिकाल ते पुस्तकात नाही. अंदाज न लिहिता चित्र पाहिलं, की मन लगेच म्हणतं, हो, असंच असणार होतं. मनाची ही खोड आम्ही वर्गात चाळीस वर्षं शिकवली, आणि तरी सोसायटीच्या कार्यालयात फसलो.

आमची ती टाकी आता दोन लहान टाक्या होऊन कॉलमांच्या डोक्यावर बसली आहे. काकूंच्या खोलीचा बीम दुरुस्त झाला. त्या दिवशी त्या आम्हाला एवढंच म्हणाल्या, “सर, तुम्ही सही केली होती म्हणून मी निर्धास्त होते.” रागानं म्हणाल्या असत्या तर परवडलं असतं.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पुढं-मागं अशा कागदावर सही करायची आहे. कुणीतरी त्या सहीखाली झोपणार आहे. सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. वस्तू कुठं टेकली आहे? जाळी बारीक केल्यावर आकडा किती बदलला? आणि हातानं हिशेब केला तर काय येतं? तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत पेनाचं टोपण काढू नका.

पुढच्या खेपेस येताना दोराचं गणित तीन असमान तुकड्यांत सोडवून आणा. तुकडे तुमच्या मर्जीनं पाडा, पण वरच्या टोकाची खेच १९.५ च्या खाली जाता कामा नये. तिथून पुढं बोलू. नमस्कार.